विमा अर्ज आणि तब्येतीची माहिती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आयुर्विमा घेताना तब्येतीबद्दल काय लिहायचं, किती लिहायचं आणि लिहिलं तर पुढे काय होतं, याबद्दल पुणे आणि परिसरातल्या वाचकांनी बरीच पत्रं पाठवली. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली असून नावं गाळली आहेत.

माझं वय 42. चार वर्षांपासून रक्तदाबाची रोज एक गोळी चालू आहे आणि बीपी 130/80 च्या आसपास असतं. मला एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तर रक्कम देणारा विमा) घ्यायचा आहे. ओळखीचे एजंट म्हणतात, “एवढ्याशा बीपीचं काय लिहायचं? मेडिकलमध्ये नॉर्मलच येणार. सगळीकडे ‘नाही’ टिक करून टाकू.” तसं केलं तर चालेल का? — एक वाचक, कोथरूड

अजिबात चालणार नाही. एजंट कितीही घरोब्याचे असले तरी या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

गोळी घेऊन बीपी नॉर्मल राहतं याचा अर्थ गोळी लागू पडली आहे, आजार गेलेला नाही. शिवाय ‘आज तुमचं बीपी किती?’ असं अर्ज विचारतच नाही. तो विचारतो की रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार कधी निदान झाला आहे का. सलग काही दिवस औषध घेतलं आहे का. गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का. ईसीजी, सोनोग्राफी, स्कॅन करायला कुणी सांगितलं होतं का. यातल्या दोन-तीन प्रश्नांना तुमचं उत्तर ‘हो’ आहे. मेडिकल नॉर्मल आल्यामुळे ते ‘नाही’ होत नाही.

आता लिहिलं तर काय होतं ते पाहू, कारण लोक घाबरतात ते इथेच. कंपनी तुम्हाला रक्तदाबाची वेगळी प्रश्नावली पाठवेल. निदान कधी झालं, औषध कोणतं, डोस किती, मध्ये कधी बदलला का, छातीत दुखणं किंवा धाप लागणं आहे का, असे त्यात प्रश्न असतात. ती भरताना ‘थोडं बीपी आहे’ असं मोघम लिहू नका. मोघम उत्तर आलं की अर्ज तपासणारा अंडररायटर वाईटात वाईट शक्यता धरून चालतो. असं लिहा : “उच्च रक्तदाब, निदान जून 2021. टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ, रोज सकाळी एक. डोस बदललेला नाही. शेवटचं मोजमाप 128/82. या कारणासाठी कधीही रुग्णालयात दाखल नाही.” सोबत पहिलं आणि सध्याचं प्रिस्क्रिप्शन, सहा महिन्यांतली मोजमापं, आणि ईसीजी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीची तपासणी, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) यांचे अलीकडचे रिपोर्ट जोडा. रक्तदाबाने हृदय आणि मूत्रपिंडावर परिणाम केला आहे का, एवढंच कंपनीला बघायचं असतं. तो झालेला नाही हे कागदांनी दाखवता आलं तर काम सोपं होतं.

एका गोळीवर आटोक्यात असलेलं बीपी, साखर नाही, तंबाखू नाही, वजन बेताचं, अशा माणसाला पुष्कळदा नेहमीच्याच दराने किंवा थोड्या जादा हप्त्याने पॉलिसी मिळते. या जादा हप्त्याला लोडिंग म्हणतात. समजा मूळ हप्ता वर्षाला 20,000 रुपये आहे आणि 25 टक्के लोडिंग लागलं, तर तो 25,000 होईल. वर्षाला वाचवलेल्या पाच हजारांसाठी कुटुंबाचे एक कोटी टांगणीला लावायचे का, एवढा हिशोब घरात बसून करा.

आणखी दोन गोष्टी. एजंटला तोंडी सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं धरून चालू नका. वाद झाला की अर्जावर काय लिहिलं आहे तेच बघितलं जातं. हल्ली एजंट टॅबवर अर्ज भरतात आणि तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो ओटीपी ही तुमची सही असते. भरलेल्या अर्जाची पीडीएफ मागवा, तब्येतीची पानं ओळ न ओळ वाचा, मगच ओटीपी द्या. पॉलिसी हातात आल्यावर सोबत अर्जाची प्रतही येते. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लूक काळ असतो. त्यात चूक सापडली तर लगेच ईमेलने कंपनीला दुरुस्ती कळवा आणि पोच जपून ठेवा. पॉलिसीच नको वाटली तर त्याच मुदतीत परत करता येते; वैद्यकीय तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च वजा होऊन बाकीचे पैसे मिळतात.

तीन वर्षं उलटली की काहीही लपवलेलं असलं तरी कंपनीला दावा नाकारता येत नाही, असं ऐकलं. खरं आहे का? — एक वाचक, हडपसर

कायदा तसाच आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष घातक आहे.

विमा कायदा 1938 चं कलम 45 सांगतं की तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आयुर्विमा पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. 2015 च्या दुरुस्तीआधी ही मुदत दोन वर्षांची होती, पण लबाडी सिद्ध झाली तर त्यानंतरही पॉलिसी उघडता यायची. आता तीन वर्षांनंतर तोही मार्ग बंद आहे. मात्र ही तीन वर्षं कुठून मोजायची ते नीट पाहा : पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख आणि रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) जोडल्याची तारीख, यांपैकी जी सर्वांत उशिराची असेल तिथून. वय चुकीचं सांगितलं असेल तर वयाचा पुरावा कंपनी केव्हाही मागू शकते आणि त्यानुसार हिशोब बदलू शकते.

तीन वर्षांच्या आत कंपनी दोन कारणांनी दावा नाकारू शकते. एक, हेतुपुरस्सर केलेली फसवणूक. दुसरं, महत्त्वाची माहिती चुकीची देणं किंवा दडवणं. दुसऱ्या प्रकारात भरलेले हप्ते 90 दिवसांत परत द्यावे लागतात. फसवणुकीच्या बाबतीत तसं बंधन नाही. दोन्हीकडे कंपनीने कारण आणि ते कशाच्या आधारावर काढलं ते लेखी कळवलं पाहिजे. दडवलेली माहिती ‘महत्त्वाची’ होती, म्हणजे ती कळली असती तर ही पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर आहे. फसवणुकीचा आरोप असेल आणि विमाधारक हयात नसेल, तर तो खोडून काढायचं ओझं मात्र वारसांवर येतं. ज्याने अर्ज भरला तो माणूस गेलेला आणि उत्तर द्यायला त्याची बायको, असं हे चित्र असतं.

न्यायालयात काय होतं? 2015 च्या एका प्रकरणात विमाधारकाने कमरेच्या मणक्याचं दुखणं लिहिलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. ती माहिती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची नव्हती, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दावा मंजूर केला. याउलट 2020 च्या एका निकालात पॉलिसी निघाल्यापासून साधारण महिन्याभरात मृत्यू झाला होता आणि त्याआधी रक्ताच्या उलट्या होत असल्याची नोंद रुग्णालयाच्या कागदांत होती. तिथे न्यायालय कंपनीच्या बाजूने उभं राहिलं. “मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला, मग काय बिघडलं?” हा युक्तिवाद कधी टिकतो, कधी टिकत नाही. पहिल्या तीन वर्षांत काही होणार नाही हे गृहीत धरून अर्ज भरणं म्हणजे विमा कशासाठी घेतो हेच विसरणं आहे.

पण कंपनीला कळतं कसं? माझे जुने कागद तर माझ्याच कपाटात आहेत. — एक वाचक, वाकड

तीन वर्षांच्या आतला मृत्यू म्हणजे ‘अर्ली क्लेम’, आणि त्याची चौकशी जवळजवळ नेहमी होते. शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक फॉर्म भरून घेतला जातो. आजार किती दिवसांपासून होता, आधी कोणाचे उपचार चालू होते, हे त्यात स्पष्ट विचारलेलं असतं. चौकशी अधिकारी घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे, औषधाच्या दुकानात आणि आसपासच्या रुग्णालयांत जातो. ऑफिसातून आजारपणाच्या रजेचे दाखले मिळतात. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचं बहुतेक आजारपण ऑफिसच्या मेडिक्लेममधून जातं, त्यामुळे दाखल झाल्याची तारीख, निदान आणि बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने मेडिक्लेमचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेलं असतं. विमा कंपन्यांची माहिती एकत्र करणारं इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोही आहे. कपाटातले कागद ही तुमची प्रत झाली. मूळ नोंदी दुसरीकडेच असतात.

वैद्यकीय तपासणीला जाताना काय काळजी घ्यावी? दोन महिन्यांपूर्वी माझी एक तपासणी “पुन्हा करा” म्हणून आली होती. — एक वाचक, सदाशिव पेठ

कोणत्या तपासण्या होणार हे वय आणि विम्याची रक्कम यांवर ठरतं. साधारणपणे उंची-वजन-बीपीसह डॉक्टरांचा अहवाल, लघवी, हिमोग्राम, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, लघवीतलं कोटिनिन (तंबाखूची खूण) आणि ईसीजी एवढं असतं. रक्कम मोठी किंवा वय जास्त असेल तर टीएमटी (पट्ट्यावर चालताना घेतलेला ईसीजी), छातीचा एक्स-रे, 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) जोडले जातात.

रक्तासाठी 10 ते 12 तास उपाशी राहा, पाणी चालतं. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आदले दोन दिवस मद्य टाळा. त्याने जीजीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढतात. आदल्या दिवशी जिममध्ये जोरदार व्यायाम नको. स्नायूंवर ताण आला की एसजीओटी (हाही यकृताच्या तपासणीतलाच आकडा) वाढलेलं दिसू शकतं आणि लघवीत प्रोटीन येऊ शकतं. बायकांनी पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी देऊ नये; रक्ताचा अंश आला की अहवालात ते मूत्रपिंडाच्या तक्रारीसारखं दिसतं आणि फेरतपासणी मागे लागते. लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए1सी खोटं वाढलेलं येऊ शकतं, म्हणून तसं असल्यास हिमोग्रामचा जुना रिपोर्ट हाताशी ठेवा. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात लिपिड प्रोफाइल द्यायची घाई करू नका.

सर्वांत जास्त घोळ बीपीचा होतो. स्वारगेटच्या गर्दीतून दुचाकी काढत यायचं, दोन जिने चढायचे आणि लगेच दंडाला पट्टा बांधून घ्यायचा, मग 150 येणारच. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीला हवा आणि शर्टाची घट्ट बाही वर सरकवलेली नसावी. पहिलं मोजमाप जास्त आलं तर काही मिनिटांनी पुन्हा घ्यायला सांगा, आणि सगळी मोजमापं अहवालात लिहायला सांगा.

घरी नमुना घ्यायला माणूस येतो तेव्हा बाटल्यांवरचं नाव आणि जन्मतारीख त्याच्यासमोर वाचून बघा. तुमची ‘पुन्हा करा’ वाली तपासणी पुष्कळदा नमुना बिघडल्यामुळे किंवा नाव न जुळल्यामुळेही असते, म्हणून कारण विचारून घ्या.

मी 38 वर्षांची आहे, भोसरीत नोकरी करते. सिगारेट कधी ओढलेली नाही, पण सकाळी मिसरी लावते. तंबाखूच्या रकान्यात काय लिहू? — एक वाचक

‘हो’ लिहा. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. नुसती दातांना लावली, गिळली नाही तरी हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं. शरीरात त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत काही दिवस सापडतं. गुटखा, तंबाखू, पानातली तंबाखू, निकोटिनचं च्युइंगम, सगळ्यांचं तसंच. या प्रश्नाला ‘नाही’ आणि कोटिनिन मात्र पॉझिटिव्ह, असं झालं तर हप्ता वाढतोच, शिवाय बाकीच्या उत्तरांकडेही कंपनी संशयाने बघते.

तंबाखू वापरणाऱ्यांचा टर्म हप्ता बराच जास्त असतो, हे खरं. अनेक अर्जांत ‘गेल्या 12 महिन्यांत’ असा प्रश्न असतो. मिसरी आजपासून सोडली तर वर्षभराने तुम्ही त्या प्रश्नाला खरेपणाने ‘नाही’ म्हणू शकता. पण तोवर विम्याशिवाय राहू नका. आत्ता जो दर मिळेल त्याने घ्या आणि सुटल्यावर नवी पॉलिसी बघा. जुनी बंद करायची तर नवी हातात आल्यावरच.

मधुमेहामुळे माझा अर्ज सहा महिन्यांसाठी पुढे ढकलला. एचबीए1सी 8.4 आहे. मित्र म्हणतो, चार दुसऱ्या कंपन्यांत एकदम अर्ज टाक. — एक वाचक, चिंचवड

एकदम चार ठिकाणी टाकू नका. ‘याआधी कुठला अर्ज नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला आहे का?’ हा प्रश्न पुढच्या प्रत्येक अर्जात असतो आणि आता त्याचं खरं उत्तर ‘हो’ आहे. चार नकार एकावर एक चढले की पाचवी कंपनी आकड्यांआधी तेच बघते.

पुढे ढकलणं आणि नाकारणं यांत फरक आहे. तुम्हाला वेळ दिला आहे. कारण लेखी मागवा आणि तपासणीच्या रिपोर्टची प्रत मागा. एचबीए1सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतं, त्यामुळे दहा दिवस पथ्य करून पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आणि आहार बसवा आणि तीन-तीन महिन्यांनी दोन रिपोर्ट घ्या. आकडा 7 च्या आसपास आला आणि टिकला तर चित्र बदलतं. सोबत लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत उतरणारं प्रोटीन), क्रिएटिनिन आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून ठेवा. मधुमेह किती जुना आहे आणि त्याने कुठे इजा केली आहे का, यावर कंपनीचा निर्णय ठरतो. काही कंपन्यांनी मधुमेहींसाठी वेगळ्या टर्म योजनाही काढल्या आहेत, त्या विचारून बघा.

कंपनीकडून ‘काउंटर ऑफर’ आली, म्हणजे जादा हप्ता, कमी रक्कम, कमी मुदत किंवा गंभीर आजाराचा रायडर वगळून देऊ केलेली पॉलिसी, तर ती नाराज होऊन फेटाळू नका. मधल्या काळात ऑफिसची गट विमा योजना असेल तर त्यात नाव आहे ना ते बघा. ठरावीक मर्यादेपर्यंत तिला वैद्यकीय तपासणी लागत नाही. वय 50 पर्यंत असेल तर बँक खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या : वर्षाला 436 रुपये, दोन लाखांचं संरक्षण, तपासणी नाही. नोंदणीनंतर पहिले 30 दिवस अपघात सोडून इतर मृत्यूंना संरक्षण नसतं. दोन लाख म्हणजे फार नाहीत, पण ते लगेच मिळतात.

दोन वर्षांपूर्वी नैराश्यासाठी आठ महिने औषधं घेतली, आता पूर्ण बरा आहे. हेही लिहायचं का? — एक वाचक, औंध

हो. विचारलं असेल तर लिहा. मानसोपचारतज्ज्ञांकडून एक पत्र घ्या : निदान, औषधं, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, दाखल व्हावं लागलं का, आज काम नियमित चालू आहे का. औषध बंद होऊन बराच काळ लोटला असेल आणि दाखल व्हावं लागलं नसेल तर असे अर्ज मंजूर होतात. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक उपचारांनाही हेच लागू आहे. वैद्यांचा काढा चालू होता म्हणजे ‘औषध घेत नव्हतो’ असं होत नाही.

माझे पती 46 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. पॉलिसीला दीड वर्ष झालं होतं. कंपनीने 25 लाखांचा दावा नाकारला, कारण रुग्णालयाच्या कागदावर “10 वर्षांपासून बीपी” लिहिलं आहे. त्यांना बीपी कधीच नव्हतं. बीपी सासऱ्यांना आहे. आता काय करू? — एक वाचक, धनकवडी

ताई, हे पत्र वाचून वाईट वाटलं. खचून जाऊ नका, अशा प्रकरणात लढायला जागा असते.

आधी हे कसं घडतं ते सांगतो. रात्री अपरात्री पेशंट आला की ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारून इतिहास लिहितात. धावपळीत कुणी “बीपी आहे, दहा वर्षं झाली” म्हणतं, ते वडिलांबद्दल असतं आणि पेशंटच्या नावावर लिहिलं जातं. तीच ओळ डिस्चार्ज किंवा मृत्यूच्या सारांशात उतरते, तिथून डॉक्टरांच्या दाव्याच्या फॉर्मवर आणि मग नकाराच्या पत्रात. एका ओळीच्या चार प्रती होतात आणि चार पुरावे असल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिलं काम : सगळे इनडोअर केसपेपर (रुग्णालयात दाखल असतानाच्या नोंदी) मागा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इतिहास कुणी सांगितला हे कागदावर लिहिलं आहे का ते बघा. मागच्या उपचाराचं एकही प्रिस्क्रिप्शन, गोळीचं नाव किंवा तारीख तिथे नसेल, तर ती ऐकीव नोंद आहे, हा तुमचा मुख्य मुद्दा होतो.

दुसरं : उलट बाजूचा पुरावा. ऑफिसच्या वार्षिक आरोग्य तपासण्या, फॅमिली डॉक्टरांचं पत्र, रक्तदान केलं असेल तर त्याची नोंद आणि मुख्य म्हणजे पॉलिसी घेताना कंपनीच्याच डॉक्टरांनी केलेला अहवाल. त्यात बीपी नॉर्मल असेल तर त्याची प्रत कंपनीकडून मागा. सासऱ्यांची बीपीची जुनी प्रिस्क्रिप्शनं जोडा, म्हणजे गोंधळ कुठे झाला ते स्पष्ट होईल. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंद नातेवाइकाच्या सांगण्यावरून केल्याचं लेखी दिलं तर उत्तमच. मूळ कागदावर खाडाखोड मात्र करू देऊ नका, तेच उलटतं. वेगळं, तारीखवार स्पष्टीकरण घ्या.

तिसरं : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि नकार कोणत्या कागदांच्या आधारे दिला त्यांच्या प्रती मागा, कलम 45 नुसार ते कळवणं कंपनीला भाग आहे. विमा नियामक इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, 155255 या क्रमांकावरही. महिन्याभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही झालं की विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते आणि 50 लाखांपर्यंतच्या रकमेवर लोकपाल निर्णय देऊ शकतात, त्यामुळे तुमचा दावा त्यात बसतो. निर्णय तुमच्या बाजूने लागला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. तो पटला नाही तर तुम्हाला ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. मात्र आधीच ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. हा क्रम चुकवू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तीही डोळ्यासमोर ठेवा.

इतर वाचकांसाठी : घरातलं कुणी दाखल असेल तर केसपेपरवरचा इतिहास दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचा. चूक असेल तर डॉक्टरांना तेव्हाच सांगा. त्या वेळी ती दोन मिनिटांत दुरुस्त होते.

बाणेरला फ्लॅट घेताना बँकेने कर्जासोबत विमा दिला. तपासणी झाली नाही. म्हणजे आजार सांगायची गरज नव्हती, बरोबर? — एक वाचक

तपासणी झाली नाही म्हणून माहिती विचारली नाही असं नसतं. कर्जाच्या जाडजूड गठ्ठ्यात ‘मी निरोगी आहे, मला खालीलपैकी कोणताही आजार नाही’ असं एक पान असतं, आणि चाळीस सह्यांमध्ये त्यावरही सही होऊन जाते. बँकेकडून विमा प्रमाणपत्र आणि त्या घोषणापत्राची प्रत मागवा. तुम्हाला मधुमेह, बीपी, हृदयविकार असूनही तिथे ‘नाही’ असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. जादा हप्ता किंवा नकार येऊ शकतो, पण मग तुम्हाला दुसरी सोय करायला वेळ मिळतो. नाहीतर ते कळेल घरच्यांना, हप्ते फेडताना.

जुनी पॉलिसी दोन वर्षांपासून बंद पडली आहे. मध्यंतरी अँजिओप्लास्टी झाली. थकलेले हप्ते भरले की चालू होईल ना? — एक वाचक, कसबा पेठ

नुसते हप्ते भरून नाही. पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेली) पॉलिसी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते, पण त्यासाठी तब्येतीचं नवं घोषणापत्र द्यावं लागतं आणि कंपनी नव्याने तपासण्या मागू शकते. अँजिओप्लास्टी त्यात लिहावीच लागेल. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल, नंतरचा इको आणि चालू औषधांची यादी जोडा. नकार किंवा जादा हप्ता, दोन्ही शक्य आहे. पुन्हा चालू झाली तर कलम 45 ची तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने सुरू होतात, म्हणून इथे खोटं लिहिलं तर वीस वर्षं जुनी पॉलिसीही नव्या पॉलिसीइतकीच कच्ची होते.

पॉलिसी घेताना ठणठणीत होतो. तीन महिन्यांनी साखर निघाली. कंपनीला कळवू का? — एक वाचक, विश्रांतवाडी

कळवायची गरज नाही आणि त्यामुळे हप्ताही वाढत नाही. माहिती द्यायची जबाबदारी कंपनी अर्ज स्वीकारते त्या दिवसापर्यंत असते. अर्ज भरल्यानंतर पण पॉलिसी निघण्याआधी निदान झालं असतं तर मात्र कळवावं लागलं असतं. तुमच्या बाबतीत निदानाचा पहिला रिपोर्ट, त्याच्या तारखेसह, पॉलिसीच्या फाइलमध्येच ठेवा, म्हणजे आजार नंतर सुरू झाला हे घरच्यांना दाखवता येईल. आणि हप्त्याचा ऑटो-डेबिट चालू आहे ना ते आजच बघा. मासिक हप्त्याला सवलतीचे 15 दिवस असतात, तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला 30. ते उलटून पॉलिसी बंद पडली तर पुन्हा चालू करताना ही साखर लिहावी लागेल.